मंदार, चष्मा परत करायच्या आधी हे वाच

प्रिय मंद्या,

तुझा व्हॉईस मेसेज दोनदा ऐकला. जिना उतरताना पायऱ्या तरंगल्यासारख्या वाटतात, मान वळवली की सगळं घर हलतं, दुकानदार म्हणतो होईल सवय, आणि तू ठरवून बसलायस की शनिवारी जाऊन चष्मा परत करायचा. नको करूस. निदान दोन आठवडे थांब. फोनवर सांगितलं असतं पण मेंदू नव्या चष्म्याला कसा सरावतो हा विषय फोनवर अर्धवट राहतो आणि मला तो अर्धवट सांगायचा नाहीये, रोज याच गोष्टीवर माझं काम चालतं आणि इतकी सुंदर गोष्ट लोकांना नीट माहीतच नसते याचं मला खरंच वाईट वाटतं. तर निवांत वाच.

आधी एक कर. चष्मा काढ, उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धर आणि नखाकडे बघत मान डावीउजवीकडे भराभर हलव. नख स्पष्ट दिसतं ना? आता मान स्थिर ठेव आणि तेवढ्याच वेगाने अंगठा डावीउजवीकडे हलव. आता नख पुसट होतं. दोन्ही वेळा डोळा आणि अंगठा यांच्यातली हालचाल सारखीच होती, मग पहिल्यांदा स्पष्ट का दिसलं? कारण मान हलते तेव्हा डोळे काय दिसतंय याची वाट बघत नाहीत, ते थेट आतल्या कानाचं ऐकतात. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, डोकं वळलं की त्यातलं पाणी मागे राहतं, तिथल्या केसांसारख्या पेशी वाकतात आणि निरोप निघतो. तो निरोप फक्त तीन चेतापेशींच्या साखळीतून डोळ्याच्या स्नायूंपर्यंत जातो आणि डोकं जितकं उजवीकडे गेलं तितकेच डोळे डावीकडे फिरतात. दहा मिलिसेकंदांच्या आत. याला व्हेस्टिब्युलो-ऑक्युलर रिफ्लेक्स म्हणतात, आम्ही सगळे नुसतं व्हीओआर म्हणतो. हा आहे म्हणून तू चालता चालता दुकानांच्या पाट्या वाचू शकतोस.

आता "जितकं डोकं तितकेच डोळे" यातली मेख अशी की हे प्रमाण कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. डोळ्यांनी बघून चूक दुरुस्त करायला वेळ नसतो, डोळ्याच्या पडद्यावरची प्रतिमा सरकली हे मेंदूला कळायला साधारण शंभर मिलिसेकंद लागतात आणि तोवर मान वळून झालेली असते. म्हणजे रिफ्लेक्सला आधीपासूनच बरोबर असावं लागतं. आणि तू नेमकं तेच प्रमाण बिघडवलंयस. तुझा नंबर प्लसचा आहे, प्लसचं भिंग जग काही टक्क्यांनी मोठं करतं, त्यामुळे मान तेवढीच वळली तरी भिंगातून दिसणारं चित्र जास्त सरकतं, डोळे मात्र गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे प्रमाण चालत आलंय त्याच प्रमाणात फिरतात आणि कमी पडतात. जे उरतं ते तुला घर हलल्यासारखं दिसतं. त्यात तुझा प्रोग्रेसिव्ह, वरच्या भागात एक नंबर खालच्या भागात दुसरा, म्हणजे समोर बघताना एक प्रमाण आणि खाली जमिनीकडे बघताना वेगळंच. पायऱ्या का तरंगतात हे आता कळलं असेल.

हे प्रमाण बदलण्याचं काम लहान मेंदूचं. मानेच्या वर, कवटीच्या मागच्या बाजूला खाली बसलेला, वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे सगळ्या मेंदूच्या जेमतेम एक दशांश. पण २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी पेशी मोजल्या तेव्हा माणसाच्या मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज या एवढ्याशा भागात निघाल्या. मला अजूनही हा आकडा वाचला की थांबायला होतं. विचार, भाषा, आठवणी याचं जे मोठं थोरलं कॉर्टेक्स आपण मिरवतो त्याच्या कितीतरी पट पेशी इथे हालचाल नीट बसवण्यासाठी (आणि आता कळतंय की इतरही बऱ्याच गोष्टींसाठी) लागल्यात.

यातली मुख्य पेशी म्हणजे पुर्किंजे पेशी. पुर्किंजे हा चेक शास्त्रज्ञ, त्याने १८३७ साली या पेशी दाखवल्या. तिच्या फांद्या भरगच्च पण सगळ्या एकाच सपाट पातळीत पसरलेल्या. त्या फांद्यांमधून आडवे, एकमेकांना समांतर बारीक धागे जातात, पॅरलल फायबर. एका पुर्किंजे पेशीवर लाख-दीड लाख पॅरलल फायबर येऊन टेकतात, प्रत्येक टेकण्याच्या जागी एक सायनॅप्स, म्हणजे निरोप पुढे देणारा सांधा. या धाग्यांवरून सगळी खबर येते, डोकं कुठे वळतंय, किती वेगाने, डोळे कुठे आहेत. आणि या लाखोंच्या समोर दुसऱ्या बाजूने येतो एकच क्लाइंबिंग फायबर, मेंदूच्या देठातल्या इन्फिरियर ऑलिव्ह नावाच्या जागेतून. एका पेशीला एकच. तो पेशीच्या फांद्यांवर वेलीसारखा चढतो आणि सेकंदाला साधारण एखादाच ठोका देतो, पण तो ठोका इतका जोरदार की अख्खी पेशी आतून कॅल्शियमने भरून जाते.

लाखो धागे एका बाजूला आणि एक एकटा धागा दुसऱ्या बाजूला, ही रचना कशासाठी? स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल याने ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच इतकी सुरेख काढून ठेवली होती, पण ती करते काय याचा धागा सापडला १९६९ मध्ये. इंग्लंडमधला डेव्हिड मार नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा. त्याने कागदावर गणित मांडून सांगितलं की हा एकटा फायबर शिक्षक आहे, तो ठोका देतो त्या क्षणी जे पॅरलल फायबर चालू असतील त्यांचे सायनॅप्स बदलतात आणि हेच शिकणं. त्याचं म्हणणं होतं सायनॅप्स मजबूत होतात. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेत नासात काम करणारा जेम्स अल्बस हा इंजिनिअर साधारण तसाच सिद्धांत घेऊन आला पण तो म्हणाला नाही, सायनॅप्स कमजोर व्हायला हवेत, कारण इथे क्लाइंबिंग फायबरचा ठोका म्हणजे चूक झाल्याची खूण, आणि ज्यांच्यामुळे चूक झाली त्यांचं वजन वाढवून कसं चालेल.

हे मला लग्नाच्या हॉलमधल्या साऊंडवाल्यासारखं वाटतं बघ. स्टेजवर वीस माईक, मधेच कर्कश शिट्टी वाजते, तो काही सगळं बंद करत नाही, शिट्टी वाजली त्या घटकेला जे माईक चालू होते त्यांचेच खटके थोडेसे खाली ओढतो. पुन्हा वाजली तर पुन्हा थोडे. लहान मेंदूत माईक लाखभर, एवढाच फरक.

प्रयोगाने हे दाखवलं मासाओ इतोने, आणि या माणसाबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय. जन्म १९२८ चा, जपानी. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला जॉन एक्लसकडे काम शिकला (एक्लसला १९६३ चं नोबेल मिळालं), परत टोकियोला आला आणि १९६४ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने दाखवलं की पुर्किंजे पेशी पुढच्या पेशीला चालना देतच नाही, फक्त दाबते. म्हणजे लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जो काही हुकूम जातो तो सगळा ब्रेकचा हुकूम. एवढी मोठी थोरली पेशी आणि काम फक्त अडवायचं, तेव्हा लोकांना पटायला जड गेलं. मग इतोने व्हीओआरच धरला, कारण यातला रस्ता एकदम स्वच्छ आहे. लहान मेंदूच्या खालच्या अंगाला फ्लॉक्युलस नावाचा बोंडाएवढा भाग असतो, आतल्या कानाची खबर तिथे पॅरलल फायबरवरून येते, पडद्यावर चित्र सरकलं ही चुकीची खबर क्लाइंबिंग फायबरवरून येते आणि तिथली पुर्किंजे पेशी व्हीओआरच्या मधल्या पेशीवर ब्रेक लावते. तुझ्या केसमध्ये डोळे कमी फिरतायत. चित्र सरकतं, ठोका पडतो, त्या वेळी चालू असलेले सायनॅप्स किंचित कमजोर होतात, पुर्किंजे पेशी थोडी गप्प होते, ब्रेक सैल होतो, डोळे थोडे जास्त फिरतात. पुढच्या वेळी चित्र थोडं कमी सरकतं. बस, एवढंच. हजारो वेळा.

१९८२ मध्ये इतो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सशांमध्ये दोन्ही धाग्यांना एकत्र चालना दिली आणि तो सायनॅप्स खरंच कमजोर झालेला दाखवला, आणि तो तसा राहिला. यालाच लाँग टर्म डिप्रेशन म्हणतात, म्हणजे टिकून राहणारी कमजोरी, थोडक्यात एलटीडी. अल्बसचं बरोबर निघालं. मार मात्र हे बघायला नव्हता, १९८० मध्ये पस्तिसाव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. नंतरच्या वर्षांत आतलं यंत्रही उलगडलं: पॅरलल फायबर ग्लुटामेट नावाचं निरोपाचं रसायन सोडतो, क्लाइंबिंग फायबरमुळे कॅल्शियम वाढतं, दोन्ही एकत्र आले की पीकेसी नावाचं एन्झाइम जागं होतं आणि सायनॅप्सवरचे ग्लुटामेट पकडणारे रिसेप्टर पेशीच्या आत ओढून घेतले जातात. कमी रिसेप्टर, कमी ऐकू येणं. आणि एकटा पॅरलल फायबरच चालू राहिला, ठोका पडलाच नाही, तर उलटं होऊन सायनॅप्स मजबूतही होतो. म्हणजे रस्ता दोन्हीकडून उघडा आहे, नाहीतर कमजोर होत होत एक दिवस काहीच उरलं नसतं.

एक गोष्ट तर मला फारच आवडते. वर म्हटलं ना की चूक झाल्याची खबर उशिरा येते. मग ठोका पडतो तेव्हा भलतेच धागे चालू असतील, शिक्षा भलत्यालाच मिळेल! स्टॅनफर्डला जेनिफर रेमंडच्या लॅबमध्ये अपर्णा सुव्रतन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उंदरांच्या फ्लॉक्युलसमध्ये दाखवलं की तिथला सायनॅप्स पॅरलल फायबरनंतर बरोबर १२० मिलिसेकंदांनी आलेल्या ठोक्यालाच कमजोर होतो, एकदम एकत्र आलेल्याला नाही. जेवढा उशीर डोळ्याच्या रस्त्यात लागतो तेवढाच उशीर सायनॅप्सने आपल्या नियमातच बसवून घेतलाय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

आता हे सगळं इतकं गोड जुळलंय असं नाही हां, तुला अर्धी गोष्ट सांगून फसवणार नाही. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये डी झेऊच्या गटाने असे उंदीर घेतले ज्यांच्यात एलटीडी होतच नव्हतं, आणि ते उंदीर व्हीओआर, पापणी मिटायला शिकणं, शिडीवरून चालणं, सगळं व्यवस्थित शिकले. मोठा धक्का होता तो. मग एलटीडी कशाला हवं? इतो तेव्हा ऐंशी पार केलेला. त्याने आणि सहकाऱ्यांनी तेच उंदीर घेतले, चालना द्यायच्या पद्धती बदलून बघितल्या आणि २०१६ मध्ये छापलं की यांच्यातही एलटीडी होतं, फक्त वेगळ्या पद्धतीने मागावं लागतं. अठ्ठ्याऐंशीच्या घरातला माणूस प्रयोगाने उत्तर देतो, रागाने नाही. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, तो गेला. मला विचारशील तर दोन्ही बाजूंचं खरं आहे: एलटीडी हा एकमेव रस्ता नाही, लहान मेंदूत बदलणाऱ्या जागा बऱ्याच आहेत आणि एक बंद झाली तर दुसरी काम उचलते. पण चुकीची खबर क्लाइंबिंग फायबर आणतो आणि त्यातून शिकणं घडतं, हा पाया मला अजून हललेला दिसत नाही.

माणूस किती लांब जाऊ शकतो ते बघायचं तर मॉन्ट्रियलचा प्रयोग बघ. १९७६ मध्ये गोनशोर आणि मेल्व्हिल जोन्स यांनी माणसांना डावं-उजवं उलटं दाखवणारे प्रिझमचे चष्मे घालून ठेवले, काहींना तर तीन-चार आठवडे. मान उजवीकडे वळवली की जग नेहमीच्या उलट, उजवीकडेच पळायचं. सुरुवातीला मळमळ, चालता येईना. काही दिवसांत व्हीओआर एकदम कमी झाला आणि दोनेक आठवड्यांत जवळपास उलटाच झाला, तोही पूर्ण अंधारात मोजला तरी! म्हणजे हे समजून उमजून केलेलं नव्हतं, रिफ्लेक्सच बदलला होता. तुला तर फक्त काही टक्के बदलायचंय.

पण यात एक अट आहे मंद्या आणि हे पत्र मी त्या अटीसाठीच लिहितोय. शिकायला दोन्ही खबरी लागतात. मान हलली नाही तर आतल्या कानाची खबर नाही, पॅरलल फायबर गप्प. आणि मान हलली पण डोळे मिटलेले, तर चित्र सरकल्याची खबर नाही. दोन्हीपैकी एक जरी नसेल तर तुला हवं ते शिकणं होत नाही. तू सांगितलंस की त्रास नको म्हणून मान ताठ ठेवून बसतोस आणि जास्त झालं की डोळे मिटतोस. ज्याचा त्रास होतोय तेच तर शिकवणारं आहे रे, तेच तू बंद करतोयस. माझ्याकडे चक्करेचे पेशंट येतात, कानाच्या नसेला सूज येऊन एका बाजूचा तोल गेलेले. काही जण महिना-दोन महिने अंथरुणावर मान न हलवता काढून आलेले असतात, सोबत रोजच्या चक्करेच्या गोळ्या. पहिले दोन-तीन दिवस त्या गोळ्या लागतात, उलट्या थांबत नाहीत माणसाच्या. पण पुढे आठवडे चालू ठेवल्या तर त्या मेंदूपर्यंत जाणारी खबरच मंद करतात आणि भरपाई लांबते. अशा लोकांना मी अंगठा धरायला लावतो आणि मान हलवायला लावतो, थोडं गरगरेल इतकीच. रडवेले होतात कधी कधी. आणि मग तीन-चार आठवड्यांनी रस्ता ओलांडून एकटे येतात ते बघायला मिळतं ना, त्यासाठी मी हे काम सोडणार नाही.

तर तू काय करायचं. सकाळी उठल्यापासून नवा चष्मा, जुना कपाटात. दोन्ही आलटून पालटून वापरणं नंतर जमतं, मेंदू दोन प्रमाणं सांभाळायला शिकतो (कॉन्टॅक्ट लेन्स आणि चष्मा दोन्ही वापरणारे रोज करतातच), पण सुरुवातीला नको. दिवसातून चार-पाच वेळा, एकेक मिनिट, भिंतीवर कॅलेंडरची एक तारीख धर आणि तिच्याकडे बघत मान डावीउजवीकडे, मग वरखाली. तारीख किंचित थरथरेल इतका वेग ठेव, पार पुसट होईल इतका नको. एकदाच अर्धा तास बसून करू नकोस. जपानमध्येच उंदरांवर दिसलंय की तेवढाच सराव मधे मधे थांबत केला तर शिकलेलं जास्त टिकतं, आणि त्याच दिवशी शिकलेलं फ्लॉक्युलसमध्ये असतं पण रोज करत गेलं की आठवड्याभरात ते पुढच्या, तोल सांभाळणाऱ्या व्हेस्टिब्युलर केंद्रात जाऊन बसतं. मधल्या वेळात आपण काही करत नसलो तरी तिकडे काम चालू असतं. झोप नीट घे, मोबाईल घेऊन एकपर्यंत जागू नकोस.

जिना उतरताना हनुवटी छातीकडे आण म्हणजे भिंगाच्या वरच्या भागातून पायरी दिसेल, आणि कठडा धर, लाज नको. पहिले चार-पाच दिवस बाईक नको, खरंच नको. आणि प्रोग्रेसिव्हच्या डाव्या-उजव्या कडेला जे वेडंवाकडं दिसतं ते भिंगातच असतं, ते लहान मेंदू पुरतं घालवू शकत नाही, तिथे नुसते डोळे न फिरवता नाक त्या दिशेला वळवायची सवय लागते. दोन आठवडे हे सगळं इमानदारीत करूनही काहीच फरक नसेल तर मग दुकानात जा आणि फिटिंग तपासायला सांग, बाहुलीसमोर भिंगाचा जो बिंदू यायला हवा तो दोन-तीन मिलिमीटर जरी चुकला तरी कितीही शिकून उपयोग नाही. आणि चष्म्याशी संबंध न ठेवता अचानक दोन दोन दिसायला लागलं, जीभ जड झाली, एका बाजूला कलंडायला लागलास तर व्यायाम वगैरे काही नाही, थेट हॉस्पिटल.

काकूंचं विचारलंस, त्यांना अंथरुणात कुशीवर वळलं की अर्धा मिनिट सगळं फिरतं. ती वेगळी गोष्ट वाटते, तिला माझा हा अंगठ्याचा व्यायाम लावू नकोस. त्यात बहुतेक वेळा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागेवरून सुटून नलिकेत शिरलेले असतात, तिथे शिकायचं काही नसतं, खडे बाहेर काढायचे असतात. कानाच्या डॉक्टरांकडे ने, ते आधी डोकं एका बाजूला वळवून आडवं करून डोळे कसे फिरतात ते बघतील आणि तेच असेल तर एपली नावाची पद्धत करतील, डोकं ठरावीक क्रमाने वळवत नेतात, पाच-दहा मिनिटांचं काम. मानेचा त्रास आहे त्यांना, ते डॉक्टरांना आधी सांग. सोमवारी दुपारनंतर मी मोकळा आहे, नेलंस की फोन कर.

तुझा,
निल्या

ता. क. चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद फोटो काढून पाठव, वरचा आणि खालचा नंबर किती आहे ते बघतो.